भभूतीचा रिटेक

"खून! दीवार से खून निकल रहा है!"

नोएडातल्या त्या नव्याकोऱ्या सोसायटीचा जिना रविवारी भर दुपारी माणसांनी गच्च भरला होता. दिवाळीसाठी कालच चुना मारलेल्या भिंतीवर, दुसऱ्या मजल्यावर, नीलम गजभिये यांच्या दाराशेजारी एक लालभडक पंजा उमटला होता. गच्चीवर डिश अँटेना आणि खाली नवीन गाड्या मिरवणारी मंडळी त्या पंज्यापुढे हात जोडून उभी होती. कुणी नारळ आणला, कुणी अगरबत्ती. एक आजोबा तर भिंतीची चक्क माफी मागत होते.

वरच्या मजल्यावर विक्रांत नावाच्या एका विद्यार्थ्याच्या मामाचा रिकामा फ्लॅट होता. फिल्मचा कोर्स करणारी चार-पाच मुलं सकाळीच दिल्लीतल्या मुनिरकाहून सामान घेऊन तिथे आली होती आणि खिडक्यांना घोंगड्या ठोकून भुताचा एक सीन शूट करत होती. किंकाळ्यांची तालीम दोन तास चालली होती, पण सोसायटीत कुणाला सांगायची तसदी त्यांनी घेतली नव्हती. रक्त बनवायचं काम त्यांच्यातल्या उल्काकडे होतं, हळद आणि धुण्याचा सोडा कालवून. कंटिन्युइटीही तिच्याचकडे, म्हणजे एका शॉटमध्ये पेला उजव्या हातात असेल तर पुढच्या शॉटमध्ये तो डाव्या हातात जाऊ नये, यावर डोळा ठेवायचा.

गलका ऐकून ती खाली आली. पंजा पाहिला आणि तिला सकाळ आठवली. सकाळी लाइटचा स्टँड वर नेताना तिचा तोल गेला होता आणि हळदीनं माखलेला हात तिनं नेमका इथेच टेकला होता. तेव्हा तो पिवळा होता. पुढचं काम ओल्या चुन्यानं केलं होतं.

"अरे, हा तर माझाच हात आहे!"

दिग्दर्शक विक्रांतनं तिचं कोपर दाबलं. "गप्प बस यार! असा क्राउड आपल्याला फुकटात कोण देणार? मी कॅमेरा चालू केलाय. आणि मराठी कुणाला कळतंय इथे?"

उल्का गप्प बसली.

तेवढ्यात सेक्रेटरी भाटियासाहेब अंगारा देणाऱ्या भभूतवाल्या बाबांना घेऊन आले. या बाबांनी मानेसरच्या एका कारखान्यात बंद पडलेलं मशीन म्हणे फुंकर मारून चालू केलं होतं. त्याच क्षणी वीज आली होती, पण भक्त तेवढं वाक्य गाळून सांगत.

बाबांनी डोळे मिटले, नाकानं भिंत हुंगली. "आत्मा अपने आप नहीं आई, बच्चा. किसी औरत ने बुलाई है. जिसने बुलाई, उसका हाथ बोलेगा!"

आत्म्याला बोलावणं फक्त बायकाच धाडतात, ही माहिती बाबांकडे तयारच होती. बायकांना रांगेत उभं करून प्रत्येकीच्या तळव्याला ओली हळद फासली. बाबा कफनीच्या खिशातून पुडी काढत, तळव्यावर भभूत चोळत आणि गरजत, "पवित्र!" पाच तळवे पिवळेच राहिले. भाटियाबाईंचाही.

"अब मैडम गजभिये," भाटिया म्हणाले.

नीलमताई सरकारी नोकरीत होत्या, मूळच्या अकोल्याच्या. एकट्या राहायच्या. उघड्या दारातून आतली बुद्धाची मूर्ती दिसत होती. "मैं ये सब नहीं मानती," त्या म्हणाल्या.

"मानतीं नहीं, या डरती हैं?" भाटियांनी डिवचलं.

त्यांनी संतापानं हात पुढे केला. बाबांनी हळद फासून भभूत चोळली. तळवा बघता बघता लाल झाला. गर्दी दोन पायऱ्या मागे सरली, एका आईनं पोराचे डोळे झाकले. भाटियांना आपला तो भाड्यानं दिलेला फ्लॅट एका परदेशी कंपनीला गेस्ट हाउससाठी द्यायचा होता आणि भाडेकरू हलत नव्हती. आता त्यांचा आवाज चढला. "शाम तक सामान बाहर!"

नीलमताईंनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. गर्दीच्या डोक्यांवरून त्यांनी थेट उल्काकडे पाहिलं आणि स्वच्छ मराठीत विचारलं, "मुली, अजून किती वेळ गप्प बसणार आहेस?"

उल्काचे कान तापले. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"रिटेक!" ती इतक्या जोरात ओरडली की बाबाही दचकले. गर्दीतून वाट काढत ती पुढे आली. "पाँचों के लिए पुड़िया दाईं जेब से निकली, इनके लिए बाईं से. क्यों, बाबा? अब बाईं वाली अपने हाथ पर मलिए."

"भस्म हो जाएगी, लड़की!"

"हो जाऊँगी. पहले हाथ."

बाबांनी डावा खिसा घट्ट धरला. नीलमताईंनी तो सरळ ओढला आणि पुडी बाहेर पडली. भाटियाबाईंना राहवलं नाही. त्यांनी चिमूटभर भभूत उचलून आपल्या पवित्र तळव्यावर चोळली. तळवा लाल!

"भाटियाजी," नीलमताईंनी विचारलं, "इनका सामान भी शाम तक?"

जिन्यात हशा पिकला. उल्कानं आपला पंजा भिंतीवरच्या पंज्यावर ठेवला, बोटाला बोट जुळलं. मग बाबांच्या पूजेच्या थाळीतलं लिंबू कापून तिनं नीलमताईंच्या तळव्यावर पिळलं. लाल हात पुन्हा पिवळा झाला.

"हल्दी है!" ती म्हणाली. "चूना या सोडा लगे तो लाल, नींबू लगे तो पीली. सब्ज़ी के दाग पर साबुन लगाती हैं, तब कमीज़ लाल नहीं होती? तब कौन-सी आत्मा आती है?"

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. प्रत्येकीनं तो डाग पाहिला होता. बाबा मात्र चपला तिथेच टाकून केव्हाच खाली उतरले होते.

"कट! कमाल सीन!" विक्रांत आनंदानं ओरडला.

नीलमताई कॅमेऱ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. "तिला गप्प बसवलंस, तेही टेपवर असेल ना? ते कापू नकोस. आज माझं घर जात होतं आणि तुला गर्दी फुकटात मिळत होती." उल्काकडे वळून त्या म्हणाल्या, "आणि तू, भिंत धुऊन दे."

उल्कानं बादली आणली.

बाबाचं काय, तो उद्या दुसऱ्या सेक्टरमध्ये पुड्या काढील. त्याचं दुकान पुडीतल्या सोड्यावर चालतं, त्याहून जास्त ठाऊक असून गप्प बसणाऱ्यांवर चालतं. म्हणून चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी म्हणा, पुन्हा करून दाखवा, आणि यावेळी पुडी आम्ही निवडणार. आणि त्यातली गोम तुम्हाला ठाऊक असेल तर कुणाचं सामान जिन्यात येईपर्यंत थांबू नका. लगेच बोला.