विमानतळावरचं जेवण

अनुसयाबाईंनी पदर घट्ट खोचला आणि त्या पुन्हा एकदा काउंटरपाशी जाऊन उभ्या राहिल्या. पलीकडची पोरगी, छातीवर रुची नावाची पट्टी लावलेली, मोबाइलमध्ये डोकं घालून बसली होती.

"बाई, हैदराबादचं विमान कवा येऊन राहिलं?"

"आधा घंटा और, अम्मा. बैठिए ना."

"सकाळपासून तेच सांगून राहिली तू. पोरगा दवाखान्यात आहे माझा. मशीनवर ठेवलं त्याले."

"सबको जाना है, अम्मा."

सगळ्यांनाच जायचं होतं, हे खरंच. कुणी फरशीवर गमछा अंथरून पडलं होतं, कुणाचं तान्हं रडून रडून निपचित झालं होतं, पाण्याचं यंत्र कोरडं ठणठणीत. एक व्यापारी ओरडून ओरडून थकला तेव्हा कंपनीचा साहेब बाहेर आला, हात जोडून 'तांत्रिक अडचण' म्हणाला आणि पुन्हा आत जाऊन दार लावून बसला. विमान निघालं तरी आहे की नाही, एवढं सांगायला यांच्या बापाचं काय जात होतं? पण नाही. ताकास तूर लागू देईनात.

केवलराम खुर्चीत अवघडून बसले होते. तिरोड्याकडचं धानाची शेती करणारं हे जोडपं, विमान आजवर बांधावरूनच पाहिलेलं. एकुलता एक उमेंद्र हैदराबादला नोकरीला. परवा तो मोटारसायकलवरून पडला, डोक्याला मार लागला. सून दुर्गेश्वरीनं फोनवर सासऱ्यांना एवढंच सांगितलं, "मामाजी, मायले घेऊन लवकर या." लवकर म्हणून पुतण्यानं विमानाचं तिकीट काढून दिलं.

"मी म्हनत होतो, रेल्वेनं जाऊ," केवलराम पुटपुटले.

म्हणत होते काय, सकाळी पिशवी उचलून निघालेही होते. याच साहेबानं अडवलं होतं. "बाबा, फ्लाइट बस आ ही रही है. बाहर गए तो फिर अंदर नहीं लेंगे." खेड्यातला माणूस, साहेबाच्या शब्दावर बसला. रेल्वे निघून गेली.

सकाळभर दुर्गेश्वरीचे फोन येत होते. निघालं का, कुठवर आलं? दुपारनंतर ते थांबले. केवलरामांनी लावला तर उचलेना. अनुसयाबाईंचा जीव टांगणीला लागला होता. देवा, पोराचं तोंड तेवढं पाहू दे, डोळे उघडे असताना पाहू दे, एवढंच त्या मनात घोकत होत्या.

काउंटरवरचा फोन वाजला. रुचीनं ऐकलं, "जी, दोनों यहीं बैठे हैं," म्हणाली, त्यांच्याकडे पाहिलं आणि झटकन नजर वळवली. मग ती साहेबाच्या खोलीत गेली.

थोड्या वेळानं दार उघडलं. साहेब स्वतः आला. त्यानं वाकून त्यांची पिशवी उचलली, दोघांना आपल्या गार खोलीत नेलं, कोचावर बसवलं. पुढची सीट दिली आहे म्हणाला, उतरल्यावर आमचा माणूस गाडी घेऊन उभा असेल म्हणाला.

"पाह्य," केवलराम हरखून बायकोला म्हणाले, "शेवटी ऐकलंच त्यायनं. देवमानूस आहे साहेब."

रुची दोन ताटं घेऊन आली. गरम भात, वरण, वांग्याची भाजी. पाण्याचे पेले तिनं स्वतः भरले.

"आई, दोन घास खाऊन घ्या," ती म्हणाली. सकाळपासून हिंदी झाडणारी पोरगी आता मराठीत बोलत होती, आणि अगदी हळू.

अनुसयाबाईंचा हात ताटाशी थबकला.

त्यांच्या गावाकडे वाईट बातमी उपाशी माणसाला सांगत नाहीत. एकदा कानावर पडली की चूल पेटत नाही, माती होईस्तोवर अन्नाचा कण पोटात जात नाही. म्हणून सांगणारा आधी जेवू घालतो, हात धुवू देतो, मग तोंड उघडतो. जाऊबाईंचा, शामकलाचा पोरगा तलावात बुडाला तेव्हा अनुसयाबाईच भात घेऊन बांधावर गेल्या होत्या. 'घे ना अजून थोडा,' असं म्हणत समोर बसून राहिल्या होत्या. तेव्हा आपला आवाज कसा निघत होता, ते त्यांना ठाऊक होतं.

त्यांनी रुचीकडे पाहिलं. पोरीचे डोळे भरून आले होते. ती फरशीकडे पाहू लागली.

गेला. माझा उमेंद्र गेला. गडाबडा लोळावं, या साहेबाची गचांडी धरून विचारावं, कायले अडवलं रे आमाले? पण शेजारी केवलराम होते. आदल्या रात्रीपासून त्यांच्याही पोटात काही नव्हतं. ताट त्यांनी बाजूला सारलं होतं.

"मले भूक नाई, उमेंद्रची माय. पोराले पाहिलं का मंग जेवतो."

अनुसयाबाईंनी ते ताट ओढून त्यांच्यापुढे आणलं. भातावर वरण ओतलं, हातानं कालवलं.

"तिथं कोन वाढून देते तुमाले? आधी जेवून घ्या."

"आन् तू?"

"मी पन जेवून राहिली ना."

त्यांनी एक घास तोंडात घातला. पाण्याच्या घोटाबरोबर ढकलला.

केवलराम जेवू लागले. उपाशी माणूस, घास पोटात गेला तशी भूक खवळली. बोटं चाटत म्हणाले, "वांगं बेस आहे. उमेंद्रले आवडते असं." अनुसयाबाईंनी मान हलवली आणि आपल्या ताटातली भाजी त्यांना वाढली.

बाहेर एकदम गलका झाला. विमान उतरलं होतं. लोक पिशव्या घेऊन धावत सुटले. रुची दारात येऊन उभी राहिली.

"आई, चला. सगळे निघाले. आधी तुम्हाला बसवायचं आहे."

अनुसयाबाई उठल्या नाहीत. नवऱ्याच्या ताटात त्यांनी आपला उरलेला भात सरकवला.

"थांब, बाई, जराशी," त्या म्हणाल्या. "त्यायचं होऊ दे."