उलट्या प्रदक्षिणेचा सामना

या मित्रांनो, या! जरा जवळ सरका. मागे बसलात तर गोष्टीचा गोड भाग निसटून जाईल, आणि आज मी तुम्हाला अशी गोष्ट सांगणार आहे की ऐकता ऐकता तुमचेच पाय घसरायला लागतील!

मी एक जुना स्केट आहे. डाव्या पायाचा. म्हणजे बर्फावर घालायचा उंच बूट, खाली पोलादी पातं लावलेला. माझा जोडीदार उजवा. आम्ही जन्मापासून बरोबर आहोत, पण सामन्याची गोष्ट सांगायचा मान माझा, कारण गोंधळ माझ्यामुळेच झाला होता.

माझा जन्म सातासमुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. तिथून मी लडाखमध्ये एका लष्करी अधिकाऱ्याच्या मुलीच्या पायात आलो. तिची पावलं वाढली, वडिलांची बदली महूला झाली, आणि बर्फ पाहिलेला मी मध्य प्रदेशच्या उन्हाळ्यात येऊन पडलो! महूहून मला उज्जैनला आणलं ते देवश्रीनं. माधव नगरात राहणारी, सतरा वर्षांची, चाकांच्या स्केटवर वाऱ्यासारखी पळणारी मुलगी. तिला आइस हॉकी खेळायची होती. व्यावसायिक खेळाडू व्हायचं होतं. उज्जैनमध्ये बर्फ मिळतो तो फक्त टावर चौकातल्या गोळेवाल्याकडे. म्हणून वर्षभर ती चाकांवर सराव करायची आणि हिवाळ्यात मला पिशवीत घालून लडाखच्या शिबिराला जायची.

घरात तिचे बाबा दिलीपराव होते, बँकेत नोकरीला. आणि होती त्यांची मोठी बहीण, जयूआत्या. ही आत्या म्हणजे कीर्तनकार! राम घाटावर ती चिपळ्या घेऊन उभी राहिली की स्नानाला आलेले लोक ओल्या कपड्यांनी थांबून ऐकत. मी त्या घरात राहिलो म्हणूनच मला असं बोलता येतं, बरं का.

"काय गं, बर्फावर उभी कशी राहते तू?" आत्या विचारायची.

"उभी नाही राहत आत्या, पळते."

"आणि तो काठीचा मार?"

"तो खाते पण आणि देते पण!"

आत्या हसून लोटपोट व्हायची आणि दुसऱ्या दिवशी कीर्तनात सांगायची, "गोपाळानं यमुनेकाठी चेंडू खेळला. आमची पोरगी गोठलेल्या यमुनेवर खेळून राहिली आहे, बोला!"

मित्रांनो, हा झाला पूर्वरंग. आता खरी कथा.

देवश्री बावीस वर्षांची झाली तेव्हा बातमी आली. परदेशातल्या एका व्यावसायिक संघाचे प्रशिक्षक डोंगराकडच्या एका शहरात चाचणी घेणार होते. आपल्या देशातून एकच मुलगी निवडायची होती. एकच! चाचणी होती दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी.

तुम्हाला ठाऊक आहेच, खंडेनवमीला घरातल्या हत्यारांची पूजा असते. त्याआधी आत्या विळी, अडकित्ता, कात्री सगळं धार लावून आणायची. त्या वर्षी अष्टमीला सायकलवर दगड फिरवणारा धारवाला गल्लीत आला. देवश्री सरावाला गेली होती. आत्याच्या मनात माया दाटून आली. पोरीची परीक्षा आहे आणि तिचंच हत्यार विसरायचं? तिनं आम्हा दोघांनाही बाहेर नेलं.

आता एक गुपित ऐका. आमच्या पात्याच्या तळाला मधोमध एक उथळ पन्हळ असते. तिच्यामुळे दोन बाजूंना दोन बारीक कडा तयार होतात. त्या कडा बर्फात रुततात, म्हणून खेळाडू वळतो, थांबतो, जोर लावतो. डावीकडे वळताना भार उजव्याच्या कडेवर येतो, उजवीकडे वळताना माझ्या. ती पन्हळ आमचा प्राण!

धारवाल्यानं मला उलटं करून बोट फिरवलं. "माताजी, ये तो बीच में से घिस गया है।"

"हो का? तर मग सपाट कर ना बाबा. एकदम नवं दिसायला हवं."

"ऐसा चमकाऊँगा कि मुँह देख लेना!"

दगड फिरला, ठिणग्या उडाल्या, माझा प्राण गेला. मी आरशासारखा चमकू लागलो आणि तितकाच निसरडा झालो. मग उजव्याची पाळी आली, तोच सायकलचा पट्टा तुटला! उजवा वाचला.

नवमीला आम्ही चौरंगावर बसलो. हळद, कुंकू, झेंडूची फुलं. पूजेतलं हत्यार दसऱ्यापर्यंत वापरायचं नाही, अशी त्या घराची रीत. देवश्रीनं वाकून नमस्कार केला आणि पात्यांवर म्यानं चढवलेली तशीच पिशवी घेऊन त्याच दुपारची गाडी पकडली. खाली कुणी पाहिलंच नाही.

चाचणीच्या सकाळी ती बंदिस्त मैदानातल्या, यंत्रानं गोठवलेल्या बर्फावर उतरली. डावा पाय टेकून वळायला गेली आणि धाडकन पडली! उठली, पुन्हा पडली. मला उलटं करून बघितलं आणि तिचा चेहरा पांढरा झाला. धार लावायचं यंत्र तिथं होतं, पण ते चालवणारा कारागीर दसऱ्याच्या सुट्टीवर गावी गेलेला. तिच्या मापाचा दुसरा स्केट कुणाकडेच नव्हता. खेळ सुरू व्हायला दहा मिनिटं.

तिनं घरी फोन लावला. "आत्या, डाव्या स्केटला कोणी हात लावला होता?"

"अगं हो! धार लावून आणली ना मी. मस्त झालीय ना?" आत्याचा आवाज आनंदानं नाचत होता.

देवश्रीनं डोळे मिटले. "हो आत्या. एकदम मस्त."

फोन ठेवून ती रडायच्या बेतात आली, तेव्हा शेजारच्या बाकावरून एक मुलगी उठून आली. डिस्किट. लडाखची. शिबिरात देवश्रीशी नेहमी चुरस असलेली. सगळ्यांना माहीत होतं की ती एक जागा या दोघींपैकीच कुणाला तरी मिळणार. डिस्किटनं माझ्या पात्यावर अंगठा फिरवला आणि शीळ घातली.

"ये किसने किया?"

"घर पे. पूजा थी."

"दाहिना ठीक है?"

"हाँ."

"तो तू सिर्फ बाएँ मुड़ सकती है।" डिस्किटनं क्षणभर विचार केला. "ठीक है. तू उजवीकडून आ और बाएँ मुड़. मैं वहीं मिलूँगी." शिबिरात देवश्रीकडून ऐकलेला 'उजवीकडून' हा एकच मराठी शब्द तिला येत होता, तो तिनं ऐन वेळी वापरला!

आणि मित्रांनो, चाचणीचा सामना सुरू झाला, दोघी एकाच संघात! देवश्री उजव्या पायानं जोर लावी, माझ्यावर नुसती सरकत जाई, उजव्याच्या कडेवर डावीकडे वळे. पुन्हा डावीकडे. पुन्हा डावीकडे. देवळात उलट्या प्रदक्षिणा घालाव्यात तशी! आधी प्रतिस्पर्धी मुली हसल्या. मग त्यांच्या लक्षात आलं की ही पोरगी चकती, म्हणजे या खेळातला चेंडूच, स्वतःकडे ठेवतच नाही. वळली की चकती सुटलीच, आणि जिथं सुटेल तिथं डिस्किट हजर! एक गोल. दुसरा गोल. दोन्ही डिस्किटचे, दोन्ही देवश्रीच्या पासवर. शेवटच्या मिनिटाला देवश्री तोल जाऊन पडली, आणि पोटावर घसरत घसरतच तिनं काठीनं चकती डिस्किटकडे लोटली. तिसरा! मी बूट असूनही ओरडलो असतो.

प्रशिक्षकांनी देवश्रीला बोलावून विचारलं, "तू एकदाही उजवीकडे का वळली नाहीस?" तिनं मला काढून उलटं दाखवलं. त्यांनी माझ्या सपाट तळावर बोट फिरवलं, "एका पायावर तीन पास!" म्हणाले आणि कागदावर नाव लिहिलं. देवश्रीचं.

डिस्किट बाकावर बसून किती तरी वेळ बुटाची एकच नाडी सोडत होती. मग उठली, देवश्रीच्या पाठीत एक जोरदार धपका घातला आणि म्हणाली, "जा! और वहाँ दोनों तरफ मुड़ना!"

पुढं काय सांगू आणि किती सांगू! देवश्री परदेशी गेली. माझी पन्हळ तिथल्या कारागिरानं पुन्हा कोरली आणि पहिला हंगाम ती माझ्यावरच खेळली. पाठीवर नाव असलेली जर्सी, हजारो लोकांचा गजर, आणि पहाटे माधव नगरात मोबाईलभोवती जमलेलं सगळं घर. तिनं पहिला गोल केला तेव्हा आत्यानं एवढ्या जोरात चिपळ्या वाजवल्या की शेजारी चहाला येऊन बसले. धारेची हकिकत देवश्रीनं आत्याला तेव्हा कुठं सांगितली. ती ढसाढसा रडली. देवश्री फोनवर म्हणाली, "आत्या, टेन्शन नको घेऊ. तू सपाट केलं म्हणून तर मी पास द्यायला शिकले."

दुसऱ्या हंगामात तिला नवे स्केट मिळाले. आम्ही उज्जैनला परतलो आणि माळ्यावर गेलो. वर्षभर धूळ खाल्ली, चामडं कडक झालं, पात्यावर गंजाचे ठिपके आले. खोटं कशाला बोलू, वाईट वाटलं. पण गेल्या नवमीच्या आधी आत्यानंच आम्हाला खाली उतरवलं. कापडानं पुसलं आणि या वेळी धारवाल्याआधी फोन लावला, "देवू, ह्याला काय काय करायचं आणि काय नाही, ते नीट सांग गं बाई. मी लिहून घेते."

बालमित्रांनो, एवढंच माझं सांगणं. दुसऱ्याच्या वस्तूवर प्रेम करा, भरपूर करा, पण हात लावण्याआधी एकदा विचारा.

आणि एक विनंती. देवश्रीचं नाव तुम्ही ऐकाल, टाळ्याही वाजवाल. तिच्या गावाला, तिच्या आत्यालाही लोक ओळखतात. पण लडाखमधल्या एका लहानशा गावात, गोठलेल्या तळ्यावर डिस्किट सध्या छोट्या मुलींना खेळायला शिकवते आणि दर वर्षी नव्या चाचणीला जाते. तीन गोल करूनही ती रिकाम्या हातानं घरी गेली होती, कारण तिला माहीत होतं की देवश्री कुठल्या बाजूला वळणार, आणि जागा एकच आहे हे ठाऊक असूनही ती तिथं जाऊन उभी राहिली. आज झोपण्यापूर्वी देवापुढं हात जोडाल ना, तेव्हा एकदा तिचं नाव घ्या.