शेवाळताईची शिफारस

शेवाळावर पीएचडी केलेली बाई त्या गल्लीत दुसरी नव्हती, म्हणून घरीदारी सगळे तिला शेवाळताईच म्हणत. मोठ्या विद्यापीठाने पीएचडीनंतरच्या संशोधनाच्या एकशे चाळीस जागा काढल्या होत्या. कर्करोगापासून कृष्णविवरापर्यंत सगळ्यांची सोय होती, शेवाळाची जागा मात्र एकच. ती हुकली की सूक्ष्मदर्शकाला रामराम ठोकून शिकवणीवर्गात भूमिती शिकवायची, हे ठरलेलं.

सकाळी अकराला ती मुलाखतीसाठी लॅपटॉपसमोर बसली. वर बाबांनी शिवलेला झकास कोट, खाली रंग उडालेला पायजमा. शिंपीकाम करणारे बाबा गळ्यात मापाची टेप अडकवून दाराआड कान टवकारून उभे होते.

पडद्यावर तीन परीक्षक. पहिली वीस मिनिटं शेवाळताई अशी काही बोलत सुटली, की तिचं तिलाच कौतुक वाटलं. मग अध्यक्षबाईंनी चष्मा पुसला.

"तुमच्यासाठी तीन प्राध्यापकांची तीन शिफारसपत्रं आलीत. तिन्हींत एक वाक्य शब्दन् शब्द तेच आहे. 'चूक झाली तर ही मुलगी ती लपवत नाही.' हे कसं काय?"

शेवाळताईचं धाबं दणाणलं. तिन्ही सरांनी तिला एकच सांगितलं होतं, "वेळ नाही गं, तूच लिहून आण, मी सही करतो." तिने तीन तऱ्हांनी पत्रं लिहिली, एका सरांच्या सवयीप्रमाणे स्वल्पविरामसुद्धा गाळले. पण स्वतःबद्दल छातीठोकपणे म्हणावं असं तिला एकच वाक्य सुचलं होतं.

दाराआडून बाबा जिवाच्या आकांताने ओठ हलवत होते, 'योगायोग म्हण! योगायोग!' तीही तेच म्हणणार होती. पण ते वाक्य आता तिच्याच मानगुटीवर बसलं होतं.

"मीच लिहिलं," ती म्हणाली. "तिन्ही पत्रं माझीच. सरांनी फक्त सह्या केल्या."

बाबांनी कपाळावर हात मारला. तो आवाज माईकने इमानेइतबारे विद्यापीठापर्यंत पोचवला.

डावीकडचे परीक्षक खाकरले. "माझं पत्रही मीच लिहिलं होतं."

"मी तर स्वतःला असामान्य म्हटलं होतं," उजवीकडच्या बाई म्हणाल्या, आणि तिघंही खो खो हसत सुटली.

"म्हणजे वाक्य खरं निघालं," अध्यक्षबाई डोळे पुसत म्हणाल्या. "पुढच्या महिन्यात रुजू व्हा. जागा तुमची!"

शेवाळताईने आनंदाच्या भरात टुणकन उडी मारली आणि पायजमा सगळ्या निवड समितीने पाहिला. बाबा टेप गरागरा फिरवत खोलीत घुसले. बापलेक हात धरून गोल गोल नाचू लागली.

"अहो, थांबा जरा!" पडद्यावरून अध्यक्षबाई ओरडल्या. "नेमणूकपत्र लागेल ना तुम्हाला? मला मुळीच वेळ नाहीये. तुम्हीच लिहून पाठवा, मी सही करते."