मेटाडोरमधला मुक्काम

जालन्यात मस्तगडच्या बोळात मेटाडोर शिरली तेव्हा तुळजाबाई ओट्यावर तूर पाखडत होती. गाडी तिच्या चांगल्याच ओळखीची होती. एका बियाणे कंपनीच्या प्रचाराची ही गाडी भुजंगरावांनी उभी हयात चालवली. गावोगाव जायचं, दिवस मावळला की पांढरा पडदा ताणून आधी शेतीची फिल्म, मग एखादा देवादिकांचा सिनेमा दाखवायचा आणि रात्री गाडीतच पाठ टेकायची. त्यांचा निम्मा संसार ह्या गाडीत झाला, म्हणून तुळजाबाई तिला सवत म्हणायची. आता भुजंगराव निवृत्त झाले, गाडी मोडीत निघाली, आणि तुळजाबाई सुटले म्हणते तोवर त्यांनी मोडीच्या भावात घेऊन सवतीलाच घरी आणलं!

"हे काय करून राह्यले तुम्ही?"

"आपल्याला राह्यला," एवढंच भुजंगराव बोलले.

घरात ते असेच बोलायचे, जणू शब्दावर जकात बसते. पुढचे दोन महिने ते गाडीत ठोकाठोकी करत राहिले. मागे दोघांपुरती फळ्यांची खाट झाली, स्टोव्हला कोनाडा झाला, खिडक्यांना तुळजाबाईच्याच जुन्या लुगड्याचे पडदे लागले. संक्रांत झाल्यावर एका सकाळी ते म्हणाले, "चल. एक रात्र गाडीत राहू. कुंभार पिंपळगावला."

"तिथं कोण हाये आपलं?"

"कोणी न्हाई."

माहेर आणि लेकीचं बाळंतपण सोडलं तर तुळजाबाईनं घराबाहेर रात्र काढली नव्हती. तिनं तवा घेतला, परात घेतली, ज्वारीचं पीठ, ठेच्याची बरणी, घोंगडी, आणि स्टोव्ह असूनही फुंकणी घेतली. भुजंगरावांनी फुंकणीकडे पाहिलं. "असू द्या," ती म्हणाली.

अंबड, घनसावंगी करत गाडी पिंपळगावच्या बाजारतळावर आली तेव्हा ऊन कलतं झालं होतं. बाजाराचा दिवस नव्हता. तळ मोकळा होता, दोन शेळ्या तेवढ्या पाला हुंगत होत्या. भुजंगरावांनी कडुनिंबाखाली गाडी लावली. तुळजाबाईनं उतरून पाहिलं. चारी बाजूंनी घरं आणि मधे आपण. उघड्यावर बिऱ्हाड मांडल्यासारखं वाटून तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती परत गाडीत शिरली, पडदा ओढला आणि पीठ मळायला बसली.

थोड्या वेळानं बाहेर कुणीतरी खाकरलं. पडद्याच्या फटीतून पाहिलं तर एक म्हातारी गाडीसमोर पोतं अंथरत होती. तिच्या मागून बाया आल्या, पोरं आली, घोंगड्या पांघरलेले बापे आले. बघता बघता तळ निम्मा भरला.

"अहो, ही मंडळी काय करून राह्यली?"

भुजंगरावांचा चेहरा उतरला. "पिक्चरला आलेत. गाडी वळखली त्यांनी."

ते खाली उतरले. हात जोडून म्हणाले, "मंडळी, मी रिटायर झालो. मशीन कंपनीनं ठेवून घेतलं. आता पिक्चर न्हाई."

कोणीच उठलं नाही. पिकल्या मिशांचा एक शेतकरी होता, मच्छिंद्र नावाचा. तो बसल्या जागेवरून म्हणाला, "मशीन न्हाई तर न्हाई. तुम्ही तर हायेत न? तुळजाबाईचं सांगा."

गाडीत तुळजाबाईचे पिठाचे हात जागीच थांबले.

"हां हां," पोत्यावरची म्हातारी म्हणाली, "त्या पालीचं सांग, भुजंगा. रीळ बदलायला येळ लागला की तेच तर सांगायचा." सगळा तळ हसला. पकडलेलं पोर मास्तरकडे पाहतं तसं भुजंगरावांनी वळून गाडीकडे पाहिलं.

पडदा सरला आणि तुळजाबाई पायरीवर उभी राहिली. "कोणती पाल?"

मग म्हातारी उठली, जवळ आली, तिला खालून वर न्याहाळलं आणि कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. "अगं बया! हीच का ती? मी साळूबाई. तुला मी लई दिसापासून वळखते, तू मला वळखत न्हाई."

आणि खरंच सगळी तिला ओळखत होती. पहिल्या होळीला पुरणात साखरेऐवजी मीठ घालणारी तीच का, असं एकीनं विचारलं. ठेचा असा करते की जावयाच्या डोळ्यांतून गोदावरी वाहते, ती तीच का, असं दुसरीनं. तुळजाबाईला कुठं तोंड लपवावं कळेना. एवढा बोलणारा माणूस कोण? तिच्या घरी तर हा कधी आलाच नव्हता.

साळूबाईनं तिचा हात धरून पोत्यावर बसवलं. आवाज खाली आणला. "अन् तुझी लेक तारा तापानं फणफणल्ती, तू भर पावसात तिला पाठीशी बांधून दवाखान्यात नेलं. हा तवा इथंच होता, न्हाई का? पुढल्या खेपंला सांगाया लागला अन् गळाच भरून आला. त्या रात्री पिक्चर सुरू करायचंच इसरला."

त्या फेरीवरून भुजंगराव घरी आले होते, "आता बरी हाये न?" एवढंच विचारून आंघोळीला गेले होते. ते वाक्य तिनं मनात किती वर्षं धरून ठेवलं होतं. बादलीतल्या पाण्याचा आवाज बराच वेळ येत राहिला होता, तोही तिला आता आठवला.

"पालीचं न्हाई सांगणार का कोणी?" मागून एक जण ओरडला.

तुळजाबाईनं डोळ्यांना पदर लावला, नाक ओढलं. "मी सांगते," ती म्हणाली. "यांनी काय सांगितलं, पाल माझ्या अंगावर पडल्ती?"

"बराबर!"

"बिलकुल झूट. पाल यांच्या टाळूवर पडल्ती. अन् कणगीवर चढून वरडले तेबी हेच!"

तळावर असा काही हशा उठला की शेळ्या बुजून पळाल्या. भुजंगराव खाली मान घालून हसत होते, आणि तुळजाबाई सांगत सुटली. कोणी हरभऱ्याचे टहाळ आणून दिले, कोणी दही. साळूबाईनं तव्यावरच्या भाकरी उलटल्या. पिक्चर सुटावा तशी मंडळी गप्पा मारत घरोघर गेली.

दोघं फळ्यांवर आडवी झाली. खिडकीतून गार वारा येत होता.

"गावभर सांगायचे, अन् मला कावून न्हाई?" तुळजाबाईनं विचारलं.

भुजंगरावांनी घोंगडी हनुवटीपर्यंत ओढली. मग ते म्हणाले, "तू समोर असली की सुधरतच न्हाई. दूर गेलो की तुझंच तोंडात येतं."

तुळजाबाईनं विचार केला. मग तिनं कूस बदलली आणि त्यांच्याकडे पाठ केली. "घ्या. समजा मी जालन्यात हाये. आता सांगा."

ते आधी खाकरले. मग हळूहळू सांगायला लागले. लग्नात ती बोहल्यावर झोपेनं पेंगत होती तिथपासून. ती गाडीच्या पत्र्याकडे तोंड करून ऐकत होती, हसू दाबत होती, आणि चुकलेलं असलं तरी एकाही जागी तिनं त्यांना टोकलं नाही.

सकाळी साळूबाईनं चहा आणला आणि पुन्हा यायचं वचन घेतलं. भुजंगरावांनी गाडी घराच्या दिशेनं वळवली, तशी शेजारी बसलेल्या तुळजाबाईनं त्यांच्या दंडावर हात ठेवला.

"आणखी कोणत्या गावांत माझं नाव केलं तुम्ही?"

"लई गावं हायेत."

"मंग घराकडं कावून निघाले? चला की."

भुजंगरावांनी गाडी वळवली.