तलावातला दवाखाना

"टोपली खाली ठेव, बेबी. पाय दाखव."

बेबीबाईने मातीची टोपली उतरवली. नर्स शकुंतलाबाईंनी तिच्या सुजल्या घोट्यावर अंगठा दाबला. खळगा पडला, तो भरून येईना. दिवस भरत आलेले, त्यात सकाळपासून डोळ्यांपुढे अंधारी.

"आत्ताच्या यष्टीनं भंडाऱ्याच्या दवाखान्यात चाल. मी संग येतो."

"आज कशी येऊ, बाई? आज टोळीचं माप हाये. मी गेलो तं साऱ्या बायांची मजुरी कमी भरन."

त्र्याऐंशीच्या उन्हाळ्यात आंधळगावजवळच्या त्या आटलेल्या तलावात रोजगार हमीचं काम निघालं आणि घरोघरी दोन्ही वेळा चूल पेटू लागली. शकुंतलाबाईंनी देवाजवळ याहून वेगळं काय मागितलं होतं! पण त्यांचं उपकेंद्र मात्र ओस पडलं. रोज बुडवून लेकराला टोचायला कोण आणणार? शेवटी बाईंनी लशीची पेटी काखेला लावली आणि दवाखानाच तलावात आणला.

कामाचं माप घेणारा मिस्त्री धनीराम टेप घेऊन आला. "काम थांबवू नका. माणूस कमी तं माप कमी."

टोळीतली थोरली चंद्रभागाबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "काहून रे, तुह्या बायकोचे पाय असे सुजले असते तं टेपच धरून बसला असता काय?"

बायका खदखदल्या. मिस्त्री टेप गुंडाळू लागला.

"माप संध्याकाळी घे," चंद्रभागाबाईने बजावलं. "हिच्या वाट्याची माती आमी काढतो. जाय वं बेबी."

बेबीबाई घुटमळली. "बाई, तुमचा तं सोमवार. उपाशी कशा येता?"

"महादेवाले ठाऊक हाये मी कुठं चाललो ते. ऊठ."

खणताना मापासाठी खड्ड्याच्या मधोमध मातीचा एक खुंट ठेवतात. किती खोल खणलं ते त्याच्यावरून कळतं. माप झालं की ज्याचा खड्डा त्यानेच खुंट पाडायचा, अशी तिथली रीत. त्या संध्याकाळी माप पुरं भरलं. बायकांनी आपापले खुंट पाडले. बेबीबाईचा तेवढा राहू दिला.

ती भंडाऱ्याहून परतली तेव्हा तिच्या कुशीत मुलगी होती. मूठभर, पण आवाज खणखणीत. चंद्रभागाबाईने कुदळ शकुंतलाबाईंपुढे धरली. "बेबी म्हणते, तिचा खुंट तुमीच पाडा."

"पाडता कायले? पेटी ठेवाले बरा हाये."

बाईंनी खुंटाचा माथा सपाट केला, जुन्या लुगड्याचा धडपा अंथरला, वर पेटी ठेवली. पहिली टोचणी बेबीबाईच्या मुलीला. मग रांग लागली. मिस्त्रीनेही आपलं लेकरू आणलं, खाली मान घालून.

पावसाळ्यात तलाव काठोकाठ भरला. खुंट पाण्याखाली गेला, त्याच्यावर शिंगाड्याचे वेल पसरले.

कार्तिकातल्या एका सोमवारी बेबीबाई मुलीला कडेवर घेऊन उपकेंद्राच्या दारात आली. पदरात हिरवे, ओले शिंगाडे.

"उपासाले घ्या, बाई. तुमच्या दवाखान्यावरचे हायेत."

शकुंतलाबाईंनी ते उकडले. पहिला महादेवापुढे ठेवला. दुसरा सोलून बेबीबाईच्या हातावर दिला.