धुराचा उगम

मोहनाने चपलेच्या टोकाने राख बाजूला सारली आणि खालून घोरपड निघाली. म्हणजे तिचं करपलेलं कातडं आणि आखडलेला एक पंजा. उन्हात त्याला तेलकट वास सुटला होता. तिने ओढणी नाकाला लावली.

“कचरा आहे तो, राहू दे,” समरजितकाका म्हणाले. “इथे स्विमिंग पूल येणार.”

डोंगराच्या उतारावरची आपली नवी फार्महाऊस स्कीम दाखवायला काकांनी बडोद्याहून दोन गाड्या भरून घरची मंडळी आणली होती. प्लॉट आखणाऱ्या चुन्याच्या रेघा जंगलाच्या हद्दीचे खांब ओलांडून पुढे गेल्या होत्या. तिथलं सगळं काळं होतं.

उपग्रहाच्या नोंदींवरून वणवे शोधणं हे मोहनाचं काम. या उन्हाळ्यात बडोद्यावर धुराचा थर दिसत होता, पण तो येतो कुठून ते सापडत नव्हतं. या डोंगरावर तर आगीचा एकही ठिपका उमटला नव्हता. अहवालाच्या नकाशात तिने हा उतार सुरक्षित म्हणून हिरवा रंगवला होता.

“काका, ही आग कधी लागली?”

“लागली कसली? लावली!” काका हसले. “तूच नाही का सांगितलंस दिवाळीला, तुमचा उपग्रह भर दुपारी जातो, आग दिसली की जंगलखात्याला मेसेज जातो? मग आपण उन्हं उतरली की लावायची. रात्री तो परत येईपर्यंत गवत जळून थंड. एकदम बराबर!”

दिवाळीला बासुंदीची वाटी हातात धरून काकांनी किती आपुलकीने विचारलं होतं. घरात तिच्या कामाबद्दल असं कुणी कधी विचारलं नव्हतं. ती भरभरून बोलली होती.

सतरंजीवर आमरस-पुरीची पानं मांडली होती. वाऱ्याने उडालेले काळे कण रसावर बसत होते आणि आई ते चमच्याने हलकेच काढून टाकत होती.

“तो कोपऱ्यावरचा प्लॉट मोहनाच्या नावावर,” काकांनी जाहीर केलं.

आईचे डोळे भरून आले. “अगं, पाया पड काकांच्या!”

मोहना वाकली. काकांच्या पायाच्या नखांत राख भरली होती.

“पुढच्या आठवड्यात समोरचा डोंगर,” पुरी मोडत काका म्हणाले. “वेळ तीच ना अजून, दीकरा?”

मोहनाने समोर पाहिलं. मोहाच्या झाडांना तांबूस पालवी फुटली होती. तिला ओरडावंसं वाटलं. पण ओरडलं तर हा माणूस दुसऱ्या कुणाला तरी असंच आपुलकीने विचारेल.

“नाही काका, वेळ बदललीय.” तिने काकांच्या पानात पुरी वाढली. “आता तो संध्याकाळी येतो. भर दुपारी आभाळ मोकळं असतं. तेव्हा निवांत लावा.”

“बघ, तुझ्याशिवाय कुणी सांगितलं असतं मला?” काकांनी खूश होऊन तिच्या वाटीत आणखी रस ओतला.

आई कौतुकाने बघत होती. “भाऊजी, बोलण्यात अगदी तुमच्यावर गेलीय हो!”

मोहनाने वाटी तोंडाला लावली आणि काळ्या कणांसकट रस एका दमात संपवला.