नेव्हिलचे रविवार

नेव्हिल ओसरीसमोर येऊन उभा राहिला तेव्हा मी उकडलेले मसूर गिळत होते. इतकी वर्षं ज्याच्या मरणाची वाट पाहिली तो माणूस, डोक्यावर रुंद टोपी, अंगात लांब बाह्यांचा शर्ट! आत्ता सुचलं मेल्याला.

वॅटल कोव्हच्या किनाऱ्यावर जीवरक्षक पोरांना हाच शिकवायचा. माझी धाकटी बहीण रेलीन शर्ट घालून पहाऱ्यावर आली की सगळ्यांसमोर ओरडायचा, "काय गं राणीसरकार, ऊन टोचतं का? काढ तो!" तिच्या खांद्यावरचा तीळ वाढायला लागला, तर म्हणाला, "समुद्रात बुडी मार, जाईल." तिशीतच गेली माझी रेलीन.

पुढे तोच कातडीचा कॅन्सर मला झाला. मला औषध लागू पडलं. आता नेव्हिलला झालाय, आणि त्याचा कॅन्सर त्याच औषधाला दाद देईनासा झालाय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, माझ्यासारखीच्या आतड्यातले जंतू त्याच्या पोटात गेले, तर कदाचित औषध पुन्हा चालेल. म्हणजे माझी विष्ठा, गाळून, गोळ्यांत भरून, थेट नेव्हिलच्या तोंडात! मी इतकी हसले की बाई घाबरल्या. खरं तर त्यांनी त्याचं नाव सांगितलं नव्हतं. पण वॅटल कोव्हमध्ये कसलं आलंय गुप्त! मी होकार अजून दिला नव्हता. सॉसेज आणि बिअर मात्र बंद केली होती आणि पोटातले जंतू जोमदार राहावेत म्हणून रोज मसूर सुरू केले होते, त्यांनी सांगितलं म्हणून.

"ग्लेनिस, तू नाही म्हणालीस तरी मी समजू शकतो," नेव्हिल म्हणाला.

"किती मोठं मन रे तुझं!"

"रेलीनच्या बाबतीत... मला माफ कर."

"माफीबिफी मिळणार नाही. गोळ्या मिळतील."

तो रडायला लागला. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

"रडू नकोस, ऐक. मेलास तर सुटशील, आणि तुला मी सुटू देणार नाही. रविवारी जीवरक्षकांच्या क्लबात पोरं जमतात ना? त्यांच्यासमोर उभं राहायचं. शर्ट काढायचा, कॅन्सरपायी कापलेलं सगळं दाखवायचं. आणि रेलीनचं नाव घेऊन सांगायचं, तिला तू काय केलंस ते."

"एकदा सांगतो."

"एकदा? दर रविवारी. जगशील तितके."

होकारार्थी मान डोलावून तो निघून गेला.

मसुरांचा मला मनस्वी वीट आला होता. तरी उठले, आणखी एक वाटी वाढून घेतली आणि पुसून खाल्ली. मला पुष्कळ रविवार हवे होते.